न शिकवलेला भाग

"सर, मेश बरोबर आहे का, तेवढं बघा." क्रांतीने लॅपटॉप देवरुखकर सरांसमोर सरकवला.

खारघरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंदकिशोर देवरुखकर बावीस वर्षं मेकॅनिकलच्या मुलांना फायनाइट एलिमेंट, म्हणजे यंत्राच्या भागाचे संगणकावर बारीक तुकडे पाडून ताण तपासण्याची रीत, शिकवत होते. क्रांती ओव्हाळ त्यांची तीन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. आता तळोज्यातल्या एका केमिकल कारखान्यात डिझाइनला होती. तिथल्या टाकीतलं मिश्रण ढवळणारा शाफ्ट मागच्या आठवड्यात तुटला. सील फाटलं, उकळतं ॲसिड उडालं आणि गंगाराम नावाचा ऑपरेटर गेला. तो शाफ्ट क्रांतीनेच तपासून पास केला होता.

सरांनी रिपोर्ट चाळला. मेश, म्हणजे संगणकावर शाफ्टचे पाडलेले हजारो तुकडे, अगदी सुबक होती. ताण मर्यादेच्या निम्मा. खाली शेरा : सुरक्षित.

"फटीग कुठाय?"

"ते नाय केलं, सर."

फिरणाऱ्या शाफ्टमध्ये प्रत्येक फेऱ्याला ताण उलटतो. लाखो फेऱ्यांनंतर निम्म्या ताणालाही तडा जातो; हेच फटीग. क्रांतीच्या बॅचला सरांनी हे शिकवलंच नव्हतं. त्या वर्षी मेकॅनिकलच्या जागा भरेनात, म्हणून कॉलेजने त्यांना तीन आठवडे ॲडमिशनची पत्रकं वाटत फिरवलं होतं. परतल्यावर त्यांनी हा भाग सोडला आणि 'पोर्शन पूर्ण' लिहून सही ठोकली.

"तुमच्या वर्षी मी हे घेतलं नव्हतं," ते म्हणाले.

"माहितीय. तुमी नोट्स वाचा म्हणालेलात. मी नाय वाचल्या."

"मी चौकशीला येतो. तसं लिहून देतो."

"काय उपयोग, सर? रिपोर्टवर नाव माझंय." तिने लॅपटॉप बंद केला. "गंगारामांच्या घरी गेलेले मी, जुईनगरला. बायकोने पाणी दिलं. मी कोण, ते सांगायला तोंडच उघडलं नाही माझं."

ती वाकून नमस्कार करायला गेली, तसे सर मागे सरकले.

दुपारच्या तासाला चौघंच होते. पुढच्या वर्षापासून शाखाच बंद होणार होती. सरांनी फळ्यावर शाफ्ट काढून फटीग सुरू केलं. वीस मिनिटांनी विपुलने हात वर केला.

"सर, जाऊ का आमी? कोडिंगची टेस्ट आहे. नोकरीचं आहे, सर."

"जा."

चौघंही उठले. सरांनी उदाहरण पूर्ण सोडवलं. उत्तर आलं, शाफ्ट तुटायला सव्वाचार लाख फेरे. त्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि तास संपेपर्यंत ते रिकाम्या बाकांसमोर उभे राहिले.