कॅलगरी ते मुंबई, पंधरा तास

हे पहाटे पाचला गेले. बेलवलीच्या घरात, मी बुद्धवंदनेची उदबत्ती लावत होते तेव्हा. मुलगा धम्मदीप कॅलगरीत. फोनवर एवढंच म्हणाला, "आई, आपल्या घड्याळानं साडेदहाला विमान सुटतंय. मी येईपर्यंत थांबवा. मला पप्पांना बघायचंय."

मोरिवलीहून थोरले दीर किसनभाऊजी आले होते. "किती लांब हाय ते?"

माझ्या लेकीनं, स्वप्नालीनं, मोबाइलवर दोन्ही शहरांची नावं टाकली. बारा हजार दोनशे किलोमीटर. विमानाला पंधरा तास. मी बोटांवर मोजलं. रात्री दीडला उतरेल, पहाटेपर्यंत दारात.

"उद्या नवाला काढू," मी सांगितलं. "तो येतोच."

कुणी पुन्हा विचारलं नाही. तीस वर्षं रोज पंचशील घेते मी. अंजना खोटं बोलत नाही, हे आळीला ठाऊक.

मे महिना. उल्हासनगरहून बर्फाची पेटी आणली, तीही सकाळी नवापर्यंतच. पुढे दुसऱ्या घरी जायची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून जिन्यात पाऊल वाजलं की मी उठत होते.

"याच्या बापानं फॅक्टरीत एकदाबी लेटमार्क घेतला नाय," भाऊजी म्हणाले, "आणि पोरगं बघ." म्हणता म्हणता त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

सातला फोन आला. "आई, फ्रँकफर्टला आहे. अकरा तास बसून काढले. आता दुसरं विमान, दुपारी चारला मुंबईत."

"सरळ नाही येत?"

"सरळ विमान नाहीच गं तिथून."

मोबाइलनं नुसतं आभाळातलं अंतर सांगितलं होतं. वाटेत बसून राहायचे तास त्यात नव्हते. धम्मदीप सोडला तर आमच्यात विमानात कुणी बसलेलं नाही, विचारायचं सुचलंच नाही.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "दुसरी पेटी कुठंच नाय. या उन्हात नाय ठेवता येणार, अंजना."

"आई, ठेवलंय ना पप्पांना?" फोनमधून धम्मदीप. मागं कुणीतरी माणसांना विमानात बोलावत होतं.

पुढचे आठ-नऊ तास तो अनोळखी माणसांत बसणार होता. रडायचं तरी कुठं?

"ठेवलंय रे बाळा. सावकाश ये."

नवाला यांना नेलं.

तो संध्याकाळी सहाला आला. दारातली चपलांची रास गेली होती, फरशी पुसलेली होती. त्यानं रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. खुंटीवरच्या यांच्या शर्टात तोंड खुपसून उभा राहिला.

दुसऱ्या पहाटे मी वंदनेला बसले, तर तो मागे येऊन बसला. तीन शीलं म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं. जीभ उचलेना.

"आई," तो हळूच म्हणाला, "फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं होतं मला. तरी मुंबईपर्यंत धरून बसलो, की ठेवलं असेल."

मग त्यानंच चौथं शील म्हटलं. मी त्याच्या मागून.