दोघांत एक धडा

मुख्याध्यापिका बाईंनी वेळापत्रक दोघांपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "परिसंस्थेचा धडा या वर्षी तुम्ही दोघं मिळून घ्या. जैविक घटक मॅडमचे, अजैविक सरांचे. माती, पाणी, ऊन, वारा, सगळं भूगोलातच येतं ना? आणि मुलांना ओढ्यावर न्या. वर्गात बसून ओढा कळत नाही. बाकीचं काय ते घरी ठरवून टाका."

"ठरवतो," सर म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या.

अडचण एवढीच होती की सर आता घरी राहत नव्हते.

दोघं त्याच शाळेत शिकवायला लागले, तिथेच जमलं, तिथल्याच सहकाऱ्यांनी लग्नात धावपळ केली. ती जीवशास्त्र शिकवायची. पर्समध्ये कायम भिंग असायचं म्हणून मुलं तिला 'भिंग' म्हणत. तो भूगोलाचा, त्याचं नाव 'होकायंत्र'. मुलीच्या शिक्षणाची, घराच्या हप्त्यांची, सासऱ्यांच्या आजारपणाची सगळी वर्षं एकमेकांच्या सोबतीने निघाली. मग मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात गेली, आणि घरात बोलायला विषयच उरला नाही. सुट्टीत एका सकाळी तो म्हणाला, "मी काही दिवस ताईकडे राहायला जाऊ का?"

"बरं," ती म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून उठली.

भांडण नाही, तिसरं माणूस नाही. तो एक बॅग घेऊन थोरल्या बहिणीकडे गेला, तो गेलाच. शाळेत कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे नेमकं काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. हल्ली वेगवेगळे का येता, असं गणिताच्या बाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पोट कमी करायचंय, चालत येतो." तेव्हापासून गणिताच्या बाई त्याला रोज मधल्या सुट्टीत काकडी खायला घालत होत्या.

मुलीलाही सांगितलं नव्हतं. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. त्याच्या जरा आधी तो यायचा, सोफ्यावर बायकोच्या शेजारी बसायचा, हसायचा, आणि फोन ठेवला की पाणी पिऊन निघून जायचा.

दात काढायला इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, तसं मॅडमचं झालं होतं. झोप लागत होती, जेवण जात होतं, पेपर वेळेवर तपासून होत होते. मैत्रिणीचं बाळ बघायला गेली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि नखं वाढलीत, कापायला हवीत, एवढंच मनात आलं.

ओढ्याचा दिवस ठरला. शाळेच्या मैदानामागे उतार होता, खाली ओढा. ओढा कसला, घोटाभर पाणी आणि दोन्ही काठांना रानगवत. सातवीचा वर्ग रांगेने खाली उतरला. चारचारांचे गट केले, प्रत्येकाला सुतळी आणि चार काड्या दिल्या. एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात जे जे दिसेल ते लिहायचं.

"दोन रकाने करा," ती म्हणाली. "जे जिवंत आहे, किंवा होतं, किंवा जिवंत गोष्टीपासून आलंय, ते डावीकडे. जे कधीच जिवंत नव्हतं, ते उजवीकडे."

"आणि उजवीकडचं मोजायचंय," सर म्हणाले. "मातीचं तापमान, पाण्याचं तापमान, माती ओली की कोरडी, ऊन किती."

"ऊन कसं मोजायचं सर?" वर्गात ज्याला सगळे 'वकील' म्हणत, त्याने विचारलं. "पट्टीने?"

"सावली कुठून कुठवर येते ते लिही. पट्टी लागेल, हसू नकोस."

मुलं गुडघ्यांवर बसली. थोड्या वेळाने भांडणं सुरू झाली. गोगलगाईचा रिकामा शंख कुठे लिहायचा? डावीकडे, तिने सांगितलं, गोगलगाईनेच बनवलाय. कोळ्याचं जाळं? तेही डावीकडे. प्लास्टिकचं झाकण? उजवीकडे.

'टाचणी' नावाची एक बारीक, टोचून बोलणारी मुलगी हातात वाळलेलं पान घेऊन उभी राहिली. "मॅडम, हे तर मेलंय. मग डावीकडे कसं?"

"उलटं कर ते."

पानाखाली पांढरट जाळीसारखी बुरशी होती आणि दोन किडे चिकटले होते.

"हे कोण खातंय त्याला? बुरशी. ती खाऊन माती करणार. त्या मातीतून गवत वाढणार. पान अजून या व्यवहारातून बाहेर पडलेलं नाहीये." मुलं कान देऊन ऐकत होती. तिचं स्वतःचं लक्ष मात्र आवाजाकडे होतं. आवाज ठीक लागत होता.

पलीकडच्या काठावर वकील ओरडला, "सर, तुमचा पाय आमच्या चौकोनात आहे! तुम्हाला जैविकमध्ये लिहू?"

"लिही," तो म्हणाला. "सध्या तरी."

सगळे हसले. तीही हसली, कारण हसायची वेळ होती.

मग एका मुलीच्या हातून तापमापी निसटून पाण्यात पडली. ती धरायला तो झटकन पुढे झाला, शेवाळलेल्या दगडावर पाय सटकला, आणि तो खाली बसलाच. ओढ्यातच. मुलं आधी हसली आणि त्याचा चेहरा बघून गप्प झाली.

तिने चप्पल काढली, पाण्यातून पलीकडे गेली, त्याचा बूट उतरवला. कित्येक महिन्यांत तिने त्याला हात लावला नव्हता. घोटा गरम लागत होता आणि बघता बघता सुजत होता.

"बोटं हलवून दाखव," ती म्हणाली. "हाड नसेल मोडलं. तू उगाच जोर देऊ नकोस."

मागे दोघीतिघी खुसफुसल्या. मॅडम सरांना तू म्हणाल्या, हे त्यांच्यासाठी घोट्यापेक्षा मोठं होतं.

मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः गाडी काढली. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला, हाड शाबूत होतं. पट्टी बांधून आठवडाभर पाय वर ठेवायला सांगितला. "चला, दोघांनाही घरी सोडते," बाई म्हणाल्या. "घरचं माणूस बरोबर आहे, मला काळजी नाही." दोघांपैकी कुणी पत्ता दुरुस्त केला नाही. बाईंनी त्यांना तिच्या दारात, म्हणजे पूर्वी दोघांच्या असलेल्या दारात उतरवलं. रखवालदाराच्या आणि तिच्या खांद्यावर हात टाकून तो एका पायावर दोन मजले चढला.

तिने त्याच्या पायाखाली दोन उशा दिल्या आणि चहा टाकला.

"पडदे बदललेस?"

"धुतले."

चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "मी जाऊ का विचारलं तेव्हा तू नुसतं बरं म्हणालीस."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"काहीतरी. निदान का, एवढं तरी."

ती समोरच्या खुर्चीत बसली. "का?"

चुकीचं उत्तर द्यायला तो वर्गातही तयार नसायचा. "आता नाही सांगता येत," तो म्हणाला.

"मला काही वाटतच नाही रे. त्या दिवशीही नाही वाटलं. आज तू पडलास, तरी नाही. मी वाट बघतेय."

"मलाही नाही. ताईकडे जाऊन बरं वाटेल असं वाटलं होतं. तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो, एवढंच." त्याने कप खाली ठेवला. "परत येऊ का, असं विचारावं म्हणतो, पण उत्तर काय यावं असं मला वाटतं, तेच कळत नाही."

"मग नको विचारूस."

"बरं," तो म्हणाला, आणि स्वतःचाच शब्द ऐकून थोडा हसला.

तिने फोन उचलला. "लेकीला सांगून टाकू. आज रविवार नाही, ती घाबरेल. पण सांगू."

मुलीने फोन उचलताच विचारलं, "काय झालं?" त्याने पाय दाखवला, मग घसा खाकरून बाकीचं सांगितलं.

"मला माहितीये," मुलगी म्हणाली. "बाबा, तू रविवारी घरात बूट घालून बसतोस. फोन हलला की दिसतात. आपल्या घरात कधी कुणी बूट घालून बसलंय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं एवढी तयारी करून बसायचात. म्हटलं, कशाला मोडायचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. तोही चष्मा काढून डोळे पुसायला लागला. दोघंही नीट दिसावीत म्हणून आईने हात लांब करून फोन सरळ धरला होता. हात भरून आला तेव्हा तिने दुसऱ्या हातात घेतला.

संध्याकाळी नणंद त्याला न्यायला गाडी घेऊन आली. जाताना तिने हिला जवळ घेतलं. "चल की जेवायला आमच्याकडे. भाऊ माझा असला म्हणून काय, तू काही परकी झाली नाहीस."

"आज नको ताई. मुलांचे तक्ते बघायचेत."

खरंच बघायचे होते. एकाने डावीकडे गवत, मुंग्या, बेडूक, शेवाळ आणि शेवटी 'सर (उजवा पाय)' असं लिहिलं होतं. तिने बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी तुम्हाला एका गाडीत कोंबलं! थांब, धडा दुसऱ्या कुणाला देते."

"दुसरं आहे कोण?" ती म्हणाली. कुणीच नव्हतं.

आठवड्याने तो लंगडत शाळेत परत आला आणि धडा दोघांनीच पुरा केला. तो स्टुलावर पाय टेकवून खुर्चीतून शिकवायचा, फळ्यावर ती लिहायची. माती, पाणी आणि उजेडाशिवाय बेडूक नाही, आणि गवताने धरून ठेवली नाही तर काठावर माती राहत नाही, इथवर वर्ग आला. गणिताच्या बाईंनी काकडी बंद केली, मग दोन दिवसांनी पुन्हा सुरू केली. रीतसर वेगळं व्हायचं, त्यासाठी वकील करायचं ठरलं. हा खराखुरा वकील, काळ्या कोटातला. सरांनी शाळेजवळ एक खोली घेतली. सुट्टीत मुलगी आली, ती कधी इकडे राहिली, कधी तिकडे.

परीक्षेच्या आधी एकदा शिक्षकांच्या खोलीत तो बशीत चहा ओतून पीत होता. फुर्रर्र असा तो आवाज तिने जन्मभर ऐकला होता. त्या दिवशी ऐकला आणि तिला चीड आली. साधी, चांगली सणसणीत चीड. कानशिलं तापली.

"हळू पी की जरा!" ती ओरडलीच. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. तोही बशी हातात धरून बघत राहिला.

तिने खडूचा डबा उचलला आणि सातवीच्या वर्गाकडे निघाली. घंटा व्हायला अजून वेळ होता.