यकृतातले हिरवे खडे

मुरबाडच्या एस.टी. स्टँडमागे दर गुरुवारी मंडपात काचेच्या बरण्या मांडल्या जात आणि माणसे गाभाऱ्यात डोकावावे तशी त्यांत डोकावत. आत हिरवे, तुळतुळीत खडे तरंगत. "ही लिवरची चरबी," निर्मळबाबा सांगत. "डाक्टर उपाशी मारतो. आमी उपास न घडवता पाप बाहेर काढतो." औषध म्हणजे पेलाभर तेल, लिंबाचा रस आणि मंतरलेले मीठ. रात्री प्यायचे, सकाळी परसाकडे जाताना चाळण न्यायची. इतका प्रयोगशील देव तालुक्याने पाहिला नव्हता.

गर्दीत तोंडाला रुमाल बांधून बुद्धभूषण उभा होता. महाविद्यालयात तो तर्कशास्त्र शिकवी आणि सुटीत गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्याने देई. रुमाल अर्थातच धुळीसाठी नव्हता. धाकट्या बहिणीचे, पौर्णिमाचे, यकृत निकामी झाले होते. त्याच्या यकृताचा तुकडा तिला जुळत होता. पण त्यात चरबी निघाली आणि दाता नाकारला गेला. वजन उतरवावे, तर त्या काटकुळ्या देहावर उतरवण्याजोगे काही नव्हतेच. भीती दाटली की तर्कशास्त्रही रांगेत उभे राहते.

त्या रात्री तो पेला प्यायला; सकाळी खडे पडले. विद्वानाने ते स्वहस्ते धुतले, डबीत भरले आणि पुरावा म्हणून शहापूरला ओळखीच्या डॉ. अक्षदापुढे ठेवले. तिने एक खडा गरम पाण्यात टाकला. तो वितळला, वर तेलाचा तवंग आला.

"सर, हे तुम्हीच प्यायलेलं तेल. पोटात त्याचा साबणासारखा गोळा होतो, पित्ताने हिरवा दिसतो. यकृतातली चरबी पेशींच्या आत असते, ती चाळणीत पडत नाही."

"मग माझ्यासारख्या हाडकुळ्यात ती आली कुठून?"

तिने खाणेपिणे विचारले आणि उत्तर देता देता त्याचा आवाज खाली गेला. व्याख्यानानंतर घरोघर चहा, म्हणजे पाहुण्याच्या मानाचा साखरेचा पाक. सोबत बेकरीची बिस्किटे, घरी दोन्ही वेळा भाताचा डोंगर. गावाची अंधश्रद्धा उतरवत तो स्वतःच्या यकृतावर साखर चढवत होता.

"कमी जेवायचं नाही, बदलून जेवायचं," अक्षदा म्हणाली. साखर, थंड पेये, तळण बंद; भात निम्मा, त्याजागी नाचणीची भाकर, वाल, पालेभाज्या, मासे आणि वजन टिकवायला मूठभर शेंगदाणे. "हमी देत नाही. पुन्हा तपासू."

खर्डीला व्याख्यानानंतर काशीकाकीने कप पुढे केला. त्याने मान हलवली.

"माज्या हातचा नको का रे?"

"साखर नको गो काकी. पौर्णिमाला लिवर द्यायचंय."

"मंग बिनसाखरेचा दिते. येवढंच ना?"

आयुष्यभर ज्याला तो संस्कृतीचा अटळ नियम समजत आला, तो एका वाक्यात मोडला.

पुढच्या तपासणीत वजनाचा काटा होता तिथेच होता. चरबी मात्र उतरली होती. दाता मंजूर झाला. इस्पितळात भरती होण्याआधीच्या गुरुवारी तो उघड्या तोंडाने मंडपात गेला.

"ज्याला काहीच आजार नाही त्याला बाबांचं औषध पाजा आणि त्याचे खडे दाखवा," तो म्हणाला. बाबांनी श्रद्धेचा विषय काढला.

तो लोकांकडे वळला. "निरोग्यालाही तेच खडे पडणार असतील, तर बाहेर काय आलं? मी शिकलेला असून हे विचारलं नाही. तुम्ही विचारा. औषध पिण्याआधी विचारा."