एक खाच कमी

किर्स्तेच्या कमरेला चाकू नाही असं तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं. पातं जेमतेम चार बोटांचं, मूठ बर्चच्या गाठीची, म्यान चामड्याचं, आणि ते पट्ट्यावर उजव्या बाजूला जरा मागे. लाकडं फोडायला घरी मोठा सुरा होता, पण तो घरचा. हा अंगावरचा. सुकं मांस कापायला हाच, कॉफीत टाकायचं चीज कापायला हाच. टपालाची पाकिटं, बुटांच्या नाड्या, बोटात घुसलेली कुसळं, सगळ्याला हाच. मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात नर्स म्हणाली, "बाई, तो चाकू जरा टेबलावर काढून ठेवता का?" तर किर्स्तेला वाटलं, आता ही दातही काढून ठेवायला सांगणार. ठेवला तिने काढून. पण त्या दिवशी रक्तदाब जास्त निघाला तो त्यामुळेच, असं ती गावभर सांगत सुटली.

आज मात्र त्या एवढ्याशा चाकूचंसुद्धा ओझं होत होतं. हा तिसरा दिवस. हवा तसा वारा सुटेना म्हणून रेनडिअरांचा कळप डोंगरमाथ्यावरून खाली यायला तयार नव्हता. दोन दिवस सगळे जण पाणथळ तुडवत त्याच्या मागे फिरले, आणि आज सकाळी एकदाचा तो कुंपणात शिरला. झोप म्हणजे गाडीत मान टाकून घेतलेली दोन-तीन तासांची. वर बारीक पाऊस, तोंडावर डास, आणि गुडघे एकसष्ट वर्षांचे. दरवर्षी किर्स्ते म्हणायची, पुढच्या वर्षी नाही बाई. दरवर्षी यायची.

पाडसांच्या कानात खुणा कापायचा हा हंगाम. पाडस ज्या मादीच्या मागे जाईल तिच्या मालकाचं, आणि त्या मालकाची खूण त्याच्या कानात कापायची. एकदा कापली की जन्माची. प्रत्येक घराची खूण वेगळी, यादीत नोंदवलेली, आणि बापाच्या खुणेत थोडा फेरफार करून मुलांच्या खुणा बनवलेल्या. किर्स्तेच्या बापाची खूण अशी होती: डाव्या कानाचं टोक उडवलेलं, त्याच कानाला मागून एक खाच, आणि उजव्या कानाला पुढून तिरका काप. किर्स्तेची खूण म्हणजे हे सगळं, अधिक उजव्या कानाला मागून एक खाच. एवढ्या एका खाचेचं अंतर बापलेकीत होतं.

बापाचे डोळे गेल्यावर पंचवीस वर्षं त्याची खूण किर्स्तेनेच कापली. कळपामागे तीच धावली, हिवाळ्यात बर्फ खणून चारा तिनेच दाखवला. भाऊ आस्लाक तेव्हा दक्षिणेत लाकडाच्या गिरणीत होता. नाताळला यायचा आणि मांस घेऊन जायचा. आणि बापाने मरताना खूण कोणाच्या नावावर केली? आस्लाकच्या. खुणेबरोबर सगळा कळपही गेला. मुलगा त्या ओढीने तरी परत येईल, असा म्हाताऱ्याचा हिशेब. मुलगा आलाही. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला किर्स्ते सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "खूण तुझी आणि पाय माझे, छान वाटणी आहे." त्यानंतर अकरा वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. कुंपण एकच, शेकोटी एकच, पण ती इकडे बसली की तो पलीकडे.

दुपारपर्यंत तिची नऊ पाडसं कापून झाली. फास टाकायचा, पाडस ओढून आणायचं, गुडघ्यांत धरायचं, चार काप द्यायचे, सोडायचं. कानाचे तुकडे कोटाच्या खिशात टाकायचे, म्हणजे शेवटी मोजून कळतं किती झाली. किर्स्ते ओंडक्यावर बसली आणि तिने तुकडे हातमोज्यावर ओतून मोजले. छत्तीस हवे होते. पस्तीस निघाले.

खिसा उलटा करून पाहिला. परत मोजले. पस्तीसच. एखादा तुकडा चिखलात पडला असेल, असं तिने स्वतःला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा उठून कुंपणात गेली.

शोधायला फार वेळ लागला नाही. तिची म्हातारी पांढऱ्या कपाळाची मादी कडेला उभी होती आणि तिचं पाडस खाली ढुशा देत पीत होतं. त्याचा डावा कान बरोबर होता. उजव्या कानाला पुढून तिरका काप होता. मागून काहीच नव्हतं.

पंचवीस वर्षांची सवय हातात बसलेली, आणि डोकं झोपेत. हाताने बापाची खूण कापली आणि काम झालं म्हणून पाडस सोडून दिलं. म्हणजे कायद्याने ते पाडस आता आस्लाकचं होतं. आणि तेही नेमकं हे. किर्स्तेच्या नामकरणाला बापाने तिला एक मादी दिली होती, तिच्या वंशातली ही म्हातारी शेवटची. चौदा वर्षांची झालेली, पुढच्या वर्षी विणार नाही हे दिसतच होतं. आधी सगळे नर झाले, दोन माद्या झाल्या त्या लांडग्याने नेल्या. हे पाडस मादी होतं. हे गेलं की संपलं.

सगळे शेकोटीपाशी खायला बसले होते. कुंपणात कोणी नव्हतं. पाडस दमलेलं होतं, किर्स्तेने त्याला मागच्या पायाला धरून सहज खाली घेतलं आणि गुडघ्यांत पकडलं. चाकू हातात आला. एक खाच, अर्ध्या क्षणाचं काम. पण दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या खुणेला जो चाकू लावतो तो चोर. का लावला, हे इथे कोणी विचारत बसत नाही. पातं कानाला टेकवून ती तशीच थांबली. फार इमान उसळून आलं असं नाही. कापलं तर ते लपवत बसावं लागेल, आणि लपवत बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने पाडस सोडलं.

शेकोटीपाशी शेजारची राउना किटलीतून कॉफी ओतत होती. "काय गं, कुंपणात डास मोजत होतीस का?" ती म्हणाली. "मांस संपत आलं इथे."

किर्स्ते बसली नाही. "आस्लाक," ती म्हणाली.

आस्लाकने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे दुसरा कोणी आस्लाक उभा आहे का म्हणून. बाकीच्यांचं चावणं थांबलं.

"माझ्या एका पाडसाला तुझी खूण कापली गेलीय."

"कोणी कापली?"

"मीच."

"अस्सं," आस्लाक म्हणाला. "माझ्यावर एवढी मेहेरबानी कधीपासून?"

"मेहेरबानी कसली. उजव्या कानाची एक खाच राहिली. मादी माझी आहे, ये आणि बघ. तू चारचौघांत हो म्हणालास तर मी खाच मारते."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर पाडस तुझं," किर्स्ते म्हणाली. आता हा नाही म्हणणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या जागी ती असती तर नाहीच म्हणाली असती.

आस्लाकने भाकरीचा तुकडा कपात बुडवून खाल्ला, कप खाली ठेवला आणि उठला. साक्षीला म्हणून राउना आणि आणखी दोघं मागे निघाली. राउनाने हातातलं हाडही बरोबर घेतलं.

मादी तिथेच होती. आस्लाकने तिचे दोन्ही कान नीट पाहिले, मग पाडसाला तिच्याकडे परतताना पाहिलं. त्यात काही संशय घ्यायला जागा नव्हती. किर्स्तेने पाडस पुन्हा खाली घेतलं. अशा वेळी खुणेच्या मालकाने स्वतः कान धरून हो म्हणायचं, ही इथली रीत. आस्लाक वाकला आणि त्याने कान धरला.

कान थरथरत होता. पाडस घाबरलंय असं किर्स्तेला वाटलं. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. मान शांत होती. तेव्हा तिने भावाच्या हाताकडे पाहिलं, मनगटापासून बोटांपर्यंत तो हलत होता. मग तिची नजर त्याच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्यावर काहीच नव्हतं. चाकू नाही, म्यानही नाही. ज्याच्याकडे अकरा वर्षं बघायचंच नाही असं ठरवलं, त्याच्या कमरेला काय आहे आणि काय नाही हे कसं दिसणार.

"चाकू कुठाय तुझा?"

"घरी. खुंटीला."

"कधीपासून?"

"बर्फ वितळायच्या आधीपासून. दोनदा स्वतःलाच कापलं. डॉक्टर म्हणाला, हे आता वाढतच जाणार."

"मग तुझी पाडसं?"

"राउनाचा नवरा कापतो. बाबांच्या खुणेची वाट लावतो, पण कापतो."

"मी इथेच उभी आहे," राउना म्हणाली.

"खरं ते सांगतोय."

"आणि मांस?" किर्स्तेने विचारलं. "मांस कसं खातोस?"

आस्लाक कानाकडे बघत राहिला. सकाळपासून तो शेकोटीपाशी नुसती भाकरी कॉफीत बुडवून खात होता, हे आता तिला आठवलं. कोणाला कापून दे म्हणायचं, एवढं सोपं. पण चौथीतल्या पोरीसुद्धा जिथे आपलं मांस आपल्या चाकूने कापतात, तिथे साठीला आलेल्या माणसाने ते कुणाला म्हणायचं? तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला. अकरा वर्षं जपलेलं भांडण असं एका रिकाम्या पट्ट्यापुढे गळून पडावं, हे काही बरोबर नव्हतं.

आस्लाक अजून कानाकडेच बघत होता. "हा काप मात्र बाबांचा आहे," तो म्हणाला. "अगदी असाच तिरका. मला तर हात धड होता तेव्हाही असा जमला नाही."

"किती वेळ बघणार आहेस?"

"किर्स्ते, खूण तू घे. कागद करून देतो, कळपवाल्यांच्या संघात जाऊन सांगतो. माद्या, पाडसं, सगळं. माझ्यामागे घ्यायला आहे कोण?"

हे वाक्य किर्स्तेने अकरा वर्षं मनातल्या मनात ऐकलं होतं, आपल्या स्वयंपाकघरात एकटी बसून. त्यावर काय काय सुनवायचं, तेही ठरवलेलं होतं, चांगली तिखट वाक्यं होती. आत्ता त्यातलं एकही सापडेना. तिला सापडले ते फक्त आपले गुडघे, पाठ, आणि दोन दिवसांची राहिलेली झोप.

"अकरा वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर कुंपणभर नाचले असते," ती म्हणाली. "आज मला माझीच खूण पुरी कापता आली नाही, आस्लाक. बाबांची कुठून सांभाळू?"

"मग ती रद्द होईल. कोणी वापरली नाही की यादीतून काढतात."

"माहितेय मला."

ज्या खुणेपायी त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ती उचलायची ताकद आता दोघांतल्या एकातही नव्हती. किर्स्तेला रडू यायला हवं होतं. आलं नाही, रडायलासुद्धा अंगात थोडं काही शिल्लक असावं लागतं. राउना हातातलं हाड धरून दुसरीकडे बघत होती.

"हो म्हण आता," किर्स्ते म्हणाली. "पाय अवघडले माझे."

"हो," आस्लाक साक्षीदारांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"आणि कान सोड. मीच धरते."

त्याने कान सोडला. किर्स्तेने तो डाव्या हातात घट्ट धरला, डोळे बारीक केले आणि मागून खाच मारली. पाडस धडपडत उठलं आणि कान हलवत आईकडे पळालं. आता त्याच्यावर कोणाचाच हक्क उरला नव्हता, तिच्याशिवाय. तरी तिला काही मिळाल्यासारखं वाटलं नाही.

आस्लाक कुंपणाला टेकून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"बाबांची खरी खूण तासभरच होती," तो म्हणाला.

किर्स्तेने पातं विजारीला पुसलं. "चल," ती म्हणाली. "मांस कापून देते."

"बारीक काप," आस्लाक म्हणाला.