काहीच न घडवणारं कपाट

टूथपेस्टच्या कारखान्यात यूपीएसची खोली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे बॅटरीभाऊ म्हणत. सासूबाई मात्र वेगळंच म्हणत. धाकटे जावई क्रेन चालवतात, त्यांचं काम चार गल्ल्यांतून दिसतं, आणि थोरले दिवसभर एका कपाटासमोर बसतात, असं त्या येईल त्या पाहुण्याला सांगत. हे त्याला फार लागायचं. म्हणून घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस ठरला तेव्हा त्याने बायकोच्याही आधी सासूबाईंना आमंत्रण दिलं. एकदा तरी त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायचीच, असा चंगच त्याने बांधला होता.

खोलीत त्याने सगळं रंगवून सांगितलं. एरवी बाहेरची वीज कपाटात शिरते, तिथे सुतासारखी सरळ होते, मशीनला मिळते आणि जाता जाता बॅटऱ्याही भरते. बाहेरची गेली की त्याच क्षणी बॅटऱ्या भार उचलतात. सासूबाईंनी जांभई दिली आणि चहा कधी मिळेल ते विचारलं. कँटीनवाल्याने सगळ्या पाहुण्यांसाठी विजेच्या शेगड्या मांडायला घेतल्या आहेत, असं सांगून त्याने खटका ओढला; कारखान्याच्या साहेबांची परवानगी त्याने आधीच काढून ठेवली होती. बाहेरची वीज बंद झाली. कपाट बारीक आवाजात कुरकुरलं. काचेपलीकडे ट्यूब भरणारं मशीन खुशाल चालू राहिलं, दिवासुद्धा लुकलुकला नाही. बॅटरीभाऊची छाती फुगली.

"मग? काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीच नाही, आई. तेच तर."

"तेच तर मी इतकी वर्षं सांगतेय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बाहेरची वीज पुन्हा चालू केली आणि रागारागात बायपासचा दांडा फिरवला. हा दांडा फक्त साफसफाईच्या वेळी फिरवायचा. मग वीज कपाटाला वळसा घालून थेट मशीनला जाते आणि कपाट नुसतं शोभेला उभं राहतं. त्याला फक्त कपाट बाजूला पडलं की पेटणारा धोक्याचा पिवळा दिवा दाखवायचा होता. नेमक्या त्याच घटकेला कँटीनवाल्याने सगळ्या शेगड्या एकदम लावल्या आणि तो भार न पेलून कारखान्याचा मुख्य खटका पडला.

मशीन थांबलं, पण त्याची तोंडं उघडीच राहिली. वरच्या टाकीतली पेस्ट संथपणे खाली येऊ लागली आणि येतच राहिली. पाहुण्यांना मशीन दाखवणारे साहेब पुदिन्याच्या वासात घोट्यापर्यंत बुडाले. तशाच पांढऱ्या पावलांनी ते खोलीत आले आणि उद्यापासून बॅटरीभाऊने खोकी चिकटवायच्या कामावर जावं, असं त्यांनी सुनावलं. बॅटरीभाऊ मान खाली घालून उभा राहिला. त्याला रडू येत होतं.

सासूबाई काचेतून तो पांढरा डोंगर बघत होत्या.

"वीज किती वेळा जाते इथे?"

"जाते की रोज एक-दोनदा."

"आणि हे असं एरवी होत नाही?"

"मी असतो ना, आई."

 त्या साहेबांकडे वळल्या. "यांना खोक्यांवर धाडताय खरं," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण मग रोज असेच बूट धुवायची तयारी ठेवा."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि खोक्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी धाकट्या लेकीला फोन लावला. क्रेन वगैरे ठीक आहे, त्या म्हणाल्या, पण तुझ्या नवऱ्याने एका हाताने अख्खा कारखाना कधी बंद पाडलाय का? शेजारी साफसफाई करताना पायजम्यावर उडालेली पेस्ट खरवडत बॅटरीभाऊ ऐकत होता. शाबासकी चुकीच्या कामाची होती, पण त्याने ती ठेवून घेतली.