बाळासोच्या कौलावरची अँटेना

अँटेना बसवायला किती पडतील, हे मी वर चढायच्या आधी सांगतो आणि खाली उतरल्यावर तेवढेच घेतो. पंच्याऐंशी साली कोल्हापुरात अँटेना बसवणारे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते. काल सायकलचं पंक्चर काढणारा आज फिटर. हे लोक गिऱ्हाइकाला शिडीखाली उभं करायचे आणि वरून भाव वाढवायचे. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. आमचं दुकान लक्ष्मीपुरीत. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, आणि मी, निसार मिस्त्रीनं, एकदा आकडा सांगितला की तो सांगितला, हे सगळ्या पेठेला माहीत होतं.

कोडोलीच्या आकारामलाही मी असाच आकडा सांगितला. पन्नाशीचा, उसाची शेती असलेला माणूस. टीव्ही आधीच घेऊन बसला होता.

"आई दोन वर्सं अंथरुणाला खिळून हाय," तो म्हणाला. "दिवसभर आढ्याकडं बघत पडती. म्हटलं, तिला काय तरी बघायला पायजे."

मला तो माणूस आवडला. बाकीचे टीव्ही घ्यायचे ते शेजाऱ्याला दिसावा म्हणून, हा आईसाठी घेत होता. अँटेना, वीस फुटी पाईप, ताणाच्या तारा, चपटी वायर आणि मजुरी, सगळं मिळून तीनशे दहा. त्यानं घासाघीस केली नाही.

रविवार ठरवला. रविवारी सकाळी कार्यक्रम असायचे, आणि कार्यक्रम चालू असल्याशिवाय अँटेना लागली की नाही ते कळत नाही. पहिल्या एसटीच्या टपावर पाईप आणि शिडी बांधून मी कोडोलीला पोचलो. घर लांबलचक, कौलारू, वर एकच आढं. पण बरोबर मध्ये अंगणापासून आढ्याच्या रेषेत विटांची भिंत घातलेली, कौलांचा एक उतार अलीकडे, दुसरा पलीकडे. अंगणाचेही दोन तुकडे.

"पलीकडं कोण ऱ्हातंय?" मी विचारलं.

"भाऊ."

"मग शिडी तिकडनं लावतो. उतार सोपा हाय."

"तिकडं बघायचं बी न्हाय," आकाराम म्हणाला.

चहा देताना त्याची बायको धोंडुबाई हळू आवाजात सगळं सांगून गेली. सात वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं. धाकट्यानं, बाळासोनं, देव्हाऱ्यातला गुलाल मुठीत घेऊन जोतिबाची आण घेतली, की तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मग वाटणी झाली, भिंत आली. आई थोरल्याच्या वाट्याला आली. चालतीफिरती होती तोवर ती धाकट्याला नळावर भेटायची, बोलायची. दोन वर्षांपूर्वी धुण्याच्या दगडावरून घसरली आणि खुबा मोडला. तेव्हापासून आई भिंतीच्या अलीकडे आणि लेक पलीकडे. खोकला ऐकू येईल एवढ्यावर, आणि दोन वर्षांत तोंड पाहिलेलं नाही.

जोतिबाची आण म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. आम्ही मुसलमान, पण चैत्रात डोंगरावर आमच्याही घरातून नारळ जातो. ती आण मोडणारा माणूस मी त्या मुलखात अजून पाहिलेला नाही.

मी कौलावर चढलो. या कामात एक जण वर, एक अंगणात आणि एक टीव्हीपाशी लागतो. मी वरून पाईप फिरवून ओरडायचो, "आलं का?" अंगणातून धोंडुबाई तेच आत ओरडायची. आतून आकाराम सांगायचा, "मुंग्या!" ती वर सांगायची, "मुंग्या हाईत!" शेजारी गुळाचं मोठं गोदाम होतं, त्याच्या पत्र्यानं सगळा घोटाळा केला होता. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या की एका माणसाची तीन माणसं दिसायची. मी तीन जागा बदलल्या. दोन तास गेले, कौलं तापली, माझं डोकंही तापलं. शेवटी वैतागून मी अँटेना उचलली आणि आढं ओलांडून पलीकडच्या उतारावर उभी धरली.

"आलं! आलं! हलू नगा!" आकाराम देव दिसल्यासारखा ओरडला.

मी बाळासोच्या कौलावर उभा होतो.

अँटेना तिथेच तात्पुरती बांधून मी खाली आलो, हे सांगितलं तेव्हा आकारामचं तोंड उतरलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुमी परकं माणूस. तुमीच जावा इचारायला."

मला संताप आला. मी अँटेना बांधायला आलो होतो, भाऊबंदकीत शिष्टाई करायला नाही. पण तीनशे दहा रुपयांत चित्र दाखवीन असा शब्द दिला होता. शिव्या गिळून मी वळसा घालून पलीकडे गेलो.

बाळासो दारातच उभा राहून बोलला. भावासारखाच चेहरा, पण जास्त वाळलेला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"टीव्ही आई बघणार हाय व्हय?"

"तिच्यासाठीच आणलाय."

त्यानं मधल्या भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार. "बसवा," तो म्हणाला. "पैसा नगं मला." मी सुटकेचा श्वास सोडतोय तेवढ्यात पुढे म्हणाला, "पर वायर कौलावरनं न्यायची न्हाय. माझ्या घरात उतरवायची, आन् मधल्या भिंतीला भोक पाडून पलीकडं काढायची."

"अवो, आढ्यावरनं दोन मिनटांचं काम हाय! आन् भोक पाडलं तरी पेन्सिलीएवढं बास."

"पेन्सिलीएवढं न्हवं. माझा हात जाईल एवढं." त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "आण उंबऱ्याची हाय, मिस्त्री. भिंतीची न्हाय."

 मी तसाच परत फिरलो.

आकारामनं निरोप ऐकला आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात गरजला, "काढा ती अँटेना! टीव्ही बघितला न्हाय म्हणून मरत न्हाय कोण! माझ्या भिंतीला हात लावायचा न्हाय!"

मीही आवाज चढवला. दोन तास उन्हात भाजून घेतल्यावर कुणाच्याही भिंतीची पर्वा राहत नाही. आमची तोंडं सुरू असताना आतून हाक आली, "आकाराम."

आकारामच्या आईचा, बयाबाईचा आवाज मी सकाळपासून पहिल्यांदा ऐकला. खाटेवर चादरीत एवढीशी बाई, चादर उचलली तर खाली कुणी नसेल असं वाटावं अशी.

"टीव्ही माझ्यासाठी आणलास न्हवं?"

"व्हय, आई."

"मग मला त्यातलं काय नगं. ते भोक तेवढं पाड."

"आई, तू यात..."

"पाड म्हंते की!"

आकारामनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.  मी छिन्नी-हातोडा काढला.

नऊ इंची भिंत, मातीत बांधलेली. वीस मिनिटांत शेवटची वीट पलीकडे पडली. धूळ खाली बसायच्या आतच भोकातून कोपरापर्यंत एक हात आत आला आणि तसाच हवेत थांबला. म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. पण खाट समोरच्या भिंतीला होती, मध्ये चांगलं सहा-सात हात अंतर. एकट्यानं मला ती हलवता येत नव्हती. मी आकारामकडे पाहिलं. हा उभाच राहणार असं मी धरून चाललो होतो. पण तो आला, आणि खाटेची डोक्याकडची बाजू त्यानंच उचलली.

खाट भिंतीला लागली. म्हातारीनं तो हात ओढून आपल्या गालाला लावला. मग डोळे मिटून ती त्यावरून बोटं फिरवू लागली, मनगट, तळवा, अंगठा. एका जागी थांबली. पुन्हा तिथूनच फिरवली.

"बोटं कुठं हाईत?"

तेव्हा मी पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. मघाशी दारात मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो.

"चरकात गेली," भिंतीतून आवाज आला. "गुऱ्हाळावर. दोन वर्सं झाली की." मग, "तुला ठावं न्हवतं?"

"कोण सांगणार मला?"

"मला वाटलं, तुला कळलंय. महिनाभर दवाखान्यात पडून हुतो, आई. रोज दाराकडं बघायचो. शेवटी म्हटलं, जाऊ दे, तिला यायचं न्हाय."

गावात ज्याला त्याला वाटत होतं, आईला हे माहीत असणारच. म्हणून भेटायला आलेल्या कुणीच तो विषय काढला नव्हता. माझ्या पाठीमागे धोंडुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. टीव्हीत कुणीतरी बाई गात होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बयाबाईनं मान वळवली. तेवढं करायलाही तिला त्रास झाला.

"आकाराम, तवा त्याची बायको पलीकडं रडत हुती. मी तुला इचारलं, काय झालं. तू म्हणालास, तिचा बा गेला, समदी तिच्या म्हायेरी राधानगरीला गेल्यात."

"व्हय."

"ती माघारी यायच्या आत माझा खुबा मोडला."

"व्हय."

"का सांगितलं न्हाईस रं?"

आकाराम खाली बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण जमिनीवर मांडी घालून शाळेतल्या पोरासारखा बसला. "तवा तुझं पाय चालत हुतं, आई. तू गेली असतीस. त्याचं दुखणं काढायला तिथंच ऱ्हायली असतीस. माझ्याकडं परत आली नसतीस."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण तिच्या तोंडावर राग नव्हता.

"गेले असते," ती म्हणाली. "आन् परत बी आले असते, येड्या."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. पुरुषमाणूस तोंड दाबून रडतो तसा. अलीकडे आकाराम रडला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

उरलेलं काम मी उरकलं. पाईप बाळासोच्या कौलावर पक्का केला, ताण ओढले, वायर त्याच्या घरातून खाली घेतली. भोकातून काढताना तो हात तिथेच होता, म्हणून वरच्या कडेनं खिळे मारत नेली. चित्र एकदम स्वच्छ आलं. इतकं स्वच्छ चित्र मला त्या भागात पुन्हा कुठे मिळालं नाही. बयाबाईची टीव्हीकडे पाठ होती.

आकारामनं तीनशे दहा रुपये मोजून दिले आणि मी ते घेतले. नको म्हणायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ठरलेले पैसे सोडून मोठेपणा घ्यायचा, हेही मला त्या घरात बरं वाटेना. तो माझी शिडी खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत आला.  एसटीला वेळ होता.

"मिस्त्री," तो एकदम म्हणाला, "भावजय रडत हुती तवा मी भिंतीला कान लावून उभा हुतो. समदं ऐकलं. बोटं गेली, रक्त थांबत न्हाय, समदं. आण त्यानं घेतलीती. मी न्हाय. मला कोण अडवलं हुतं?"

त्यानं शिडी खांद्यावरून खाली ठेवली.

"धाकटा भाऊ हाय माझा. जायला पायजे हुतं न्हवं मी?"

गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते बोलावं, हे धंद्यात शिकलो होतो. जाऊ दे, घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून सुटता आलं असतं. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता. तो उत्तराची वाट बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "पायजे हुतं."

त्यानं मान हलवली. एसटी आली, तशी टपावर चढून त्यानं शिडी स्वतःच्या हातानं घट्ट बांधून दिली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि खाली उतरून तो घराकडे निघाला.