दारातलं डफडं

वाजंत्री वनाने दारात डफड्यावर पहिली थाप टाकली तेव्हा पितांबर आरशासमोर दाढी करत होता. त्याचा हात थांबला. नगरपालिका थकबाकीदारांच्या दारात डफडं वाजवायला लावते, हे त्याने ऐकलं होतं. दुसऱ्यांच्या नावाने तो हसलाही होता.

ब्याण्णव साली त्याने परवानगी न घेता गल्लीत पुढे जिना काढला. दंड झाला, नोटिसा आल्या. केळीच्या अडतीत त्याला पैशाचा तोटा नव्हता. पण नगरसेवक ओळखीचा. भरायची गरजच काय, असं वाटत राहिलं.

गालावरचा साबण तसाच घेऊन तो दाराशी आला. वसुली कारकून अभिमन जिन्याला टेकून उभा होता. समोरच्या ओट्यांवर बायका जमल्या होत्या.

पितांबर काही बोलणार, तोच त्याची आई इंदिराबाई सुपात ज्वारी घेऊन बाहेर आली. तिला कमी ऐकू यायचं, पण डफडं पोचायचं. घरातल्या प्रत्येक लग्नात वनानेच वाजवलं होतं आणि सूपभर ज्वारी नेली होती.

“कोना घर लगीन शे रे, वना?”

वनाने वाजवणं थांबवलं. मान खाली घालून, सुपापुढे हात आडवा धरत तो म्हणाला,

“आज ऱ्हाऊ दे, अक्का.”

“का रे? कमी पडनं का?”

ती आणखी आणायला आत वळली. समोर कुणीतरी फिसकन हसलं. पितांबरने आईचा हात धरला आणि तिच्या कानाशी वाकला. तरीही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्याने त्याला बोलावं लागलं.

“माय, हाई आपलाच घरसाठे वाजी ऱ्हायनं. जिनाना दंड मी भरा नही.”

“पैसा नही का आपलाकडे?”

पितांबर चौकटीवरून नख फिरवत राहिला.

“शे.”

इंदिराबाईने पदर कपाळावर ओढला. सूप वनाच्या उपरण्यात रिकामं केलं.

“ले. तुना काय गुन्हा? कवलोंग वाजाडानं शे?”

“पैसा भरतस तवलोंग, अक्का.”

“मंग वाजाड.”

आणि ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, गल्लीकडे तोंड करून बसली.

पितांबरने आत जाऊन साबण पुसला, कपाटातले पैसे खिशात कोंबले, चपला घातल्या. अभिमन बाजूला सरकला.

“भाऊ, पालिकेत भरण्याची खिडकी दोनपर्यंत उघडी असते,” तो हळूच म्हणाला.

मागे डफडं पुन्हा सुरू झालं. कोपऱ्यावर समोरून येणाऱ्या एकाने विचारलं,

“कोना दारमा वाजी ऱ्हायनं, भाऊ?”

पितांबर पुढे निघून जाऊ शकला असता. तो थांबला.

“मना दारमा,” तो म्हणाला.